पीडीएफ उघडली की आत काय चालू होतं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात "अनोळखी पीडीएफ उघडायच्या आधी रीडरमधली जावास्क्रिप्ट बंद करा" अशी दोन ओळींची टीप दिली होती (रीडर म्हणजे पीडीएफ उघडून दाखवणारा प्रोग्राम), आणि त्या दोन ओळींवर इतके मेल आले की या वेळचं सदर त्यालाच देतोय. बहुतेक पत्रं आपल्या खान्देशातलीच आहेत, रावेरपासून शहाद्यापर्यंत. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (एक ताई, रावेर): मी केळीच्या पेढीवर हिशोब बघते. बिल्टी, काटा पावती, बिलं सगळं पीडीएफमध्येच येतं, काही व्हॉट्सअ‍ॅपवर काही मेलवर. परवा एका अनोळखी मेलवरून बिल्टी म्हणून फाइल आली, उघडली तर पान कोरं आणि एक खिडकी आली, काहीतरी परवानगी मागत होती, ट्रक भरायची घाई होती म्हणून मी ओके केलं. शेठ म्हणतात पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो, त्याने काई होत नाई भो. खरं काय आहे?

उत्तर: ताई, शेठजींना दोष देता येत नाही, बाहेरून ती फाइल दिसतेच कागदासारखी, पण आतून ती फोटो नाही. अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये पीडीएफ आणली तेव्हा उद्देश एवढाच होता की इकडे जसं पान दिसतं तसंच तिकडेही दिसावं आणि छापलं जावं. मग त्यात भरायचे फॉर्म आले. फॉर्म आले म्हणजे बेरीज आपोआप व्हायला पाहिजे, तारीख चुकली तर सांगायला पाहिजे, एक खाना भरला की दुसरा उघडायला पाहिजे, आणि हे सगळं करायला त्यात जावास्क्रिप्ट बसवली, तीच भाषा जी वेबसाइटमध्ये चालते. म्हणजे आता पीडीएफमध्ये नुसता मजकूर नाही तर प्रोग्रामही असू शकतो, आणि तो चालवायला तुम्ही काही दाबायलाच पाहिजे असं नाही. फाइल उघडली की हे चालव, पान उलटलं की ते चालव, प्रिंट दिली की अजून काही चालव, अशा सूचना फाइलमध्येच लिहून ठेवता येतात. "मी फक्त बघितलं, कुठे क्लिक केलं नाही" याला म्हणून फारसा अर्थ राहत नाही.

आता सरळ सांगायचं तर या जावास्क्रिप्टला मोकळं सोडलेलं नसतं. तुमच्या डिस्कवरच्या फाइली वाचायच्या, दुसरा प्रोग्राम चालू करायचा, हे तिला सहजासहजी करू देत नाहीत. गोची होते ती रीडरच्या स्वतःच्या चुकांमुळे. जावास्क्रिप्टला रीडरने शेकडो फंक्शन, म्हणजे तयार कामं, दिलीत, आणि त्यातल्या एखाद्याला वेडीवाकडी माहिती दिली की रीडरची मेमरी बिघडते आणि हल्लेखोराचा कोड चालू होतो. २००८ च्या फेब्रुवारीत ईमेलची माहिती गोळा करणाऱ्या फंक्शनमधली अशी चूक वापरून हल्ले झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आकडे छापणाऱ्या फंक्शनमधली निघाली, २००९ च्या मार्चमध्ये आयकॉन आणणाऱ्या फंक्शनमधली. कोणाच्या रोजच्या कामाची नसलेली ही फंक्शनं, पण प्रत्येक कॉम्प्युटरवर हजर. आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये व्हिडिओ वाजवायच्या फंक्शनमधली चूक सापडली तेव्हा तर हल्ले आधी चालू झाले आणि अ‍ॅडोबीचा पॅच, म्हणजे चुकीची दुरुस्ती, आला १२ जानेवारी २०१० ला. मधल्या काळात कंपनीचाच सल्ला होता की जावास्क्रिप्ट बंद ठेवा. मी मागच्या अंकात जे लिहिलं ते माझ्या मनाचं नाही, हा इतका जुना सल्ला आहे.

तुमच्या त्या खिडकीबद्दल. पीडीएफला बाहेरचा प्रोग्राम चालू करायची एक सोय असते, लॉन्च म्हणतात, ती जावास्क्रिप्टपासून वेगळी आहे. २०१० च्या मार्चमध्ये दिदिए स्टीव्हन्स या बेल्जियमच्या सुरक्षा संशोधकाने दाखवलं की अ‍ॅडोबीच्या रीडरमध्ये इशाऱ्याची खिडकी येते खरी, पण तिच्यातला मजकूर काही प्रमाणात फाइल बनवणाराच ठरवू शकतो, म्हणजे "हा कागद वाचायला ओके दाबा" असं काहीतरी. फॉक्सिट या दुसऱ्या एका रीडरमध्ये तर तेव्हा इशाराही येत नव्हता. काही आठवड्यांत झ्यूस नावाच्या, बँकेचे पासवर्ड चोरणाऱ्या व्हायरसवाल्यांनी हीच पद्धत उचलली. त्यानंतर कंपन्यांनी हे पुष्कळ घट्ट केलंय, पण खिडकीवर घाईने ओके दाबायची आपली सवय तशीच आहे आणि हल्लेखोर त्या सवयीवरच जगतात.

तुमच्या खिडकीत नक्की काय लिहिलं होतं ते कळल्याशिवाय काही झालंच असं म्हणत नाही. पण कोरं पान आणि परवानगी हे दोन्ही एकत्र आलं म्हणजे सोडून देऊ नका. त्या कॉम्प्युटरचं नेट काढा, पेढीचे बँकेचे नि मेलचे पासवर्ड *दुसऱ्या* मशीनवरून बदला, खात्याचे व्यवहार तपासा, आणि मशीन जाणकाराकडून पूर्ण स्कॅन करून घ्या. नंतर रीडरमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, डाव्या बाजूला जावास्क्रिप्ट, तिथली "एनेबल अ‍ॅक्रोबॅट जावास्क्रिप्ट" ही टिक काढा (नव्या रीडरमध्ये प्रेफरन्सेस वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या मेनूत आहे). बिल्टीला जावास्क्रिप्ट लागत नाही. काटा पावतीलाही नाही.

प्रश्न (सेवा केंद्र चालक, धुळे): सातबारा, आधारची पीडीएफ उघडली की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह येतं, "व्हॅलिडिटी अननोन". लोक हिरवी टिक मागतात, बँकेत त्याशिवाय घेत नाहीत. व्हिडिओ बघून मी सहीवर राइट क्लिक करून सर्टिफिकेट ट्रस्टेडमध्ये टाकलं, जेवढे चौकोन होते सगळ्यांवर टिक केलं, हिरवं झालं. त्यात काही धोका आहे का? आणि फाइल उघडली की वर इशाऱ्याची पिवळी पट्टी येते, ती सारखी त्रास देते म्हणून पूर्ण डाउनलोड्स फोल्डरच ट्रस्टेड करून टाकलंय.

उत्तर: भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, कारण हेच जिल्ह्याजिल्ह्यातल्या केंद्रांवर चालू असणार आणि याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

ते चौकोन पुन्हा एकदा नीट वाचा. पहिला आहे हे सर्टिफिकेट विश्वासाचं मूळ म्हणून वापरायचं का. सही तपासून हिरवी टिक यायला हा एकच पुरतो. त्याच्या खाली "सर्टिफाइड डॉक्युमेंट्स" असतं, आणि त्याच्या पोटात अजून तीन: "डायनॅमिक कंटेंट", "एम्बेडेड हाय प्रिव्हिलेज जावास्क्रिप्ट", आणि "प्रिव्हिलेज्ड सिस्टिम ऑपरेशन्स", म्हणजे नेटवर्क, प्रिंटिंग, फाइली वगैरे. हे तीन टिक केले म्हणजे तुम्ही रीडरला सांगितलं की या सर्टिफिकेटखाली प्रमाणित होऊन आलेल्या फाइलमधल्या जावास्क्रिप्टला जास्तीचे अधिकार दे, जे इतर फाइलींना तू देत नाहीस. आणि तुम्ही टाकलेलं सर्टिफिकेट जर भारताचं मूळ, सीसीएचं (डिजिटल सह्या देणाऱ्या कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा) असेल तर त्याच्या खाली सगळ्या परवानाधारक कंपन्यांनी दिलेल्या सह्या येतात, लाखो लोकांच्या डिजिटल सह्या. तलाठ्याची सही खरी आहे का एवढं तपासायचं होतं, आणि अधिकार दिला गेला कोणालाही, ज्याच्याकडे डिजिटल सहीचं डोंगल आहे.

लगेच दुरुस्त करा. प्रेफरन्सेसमध्ये सिग्नेचर्स, तिथे आयडेंटिटीज अँड ट्रस्टेड सर्टिफिकेट्स, त्यात ते सर्टिफिकेट शोधा, एडिट ट्रस्ट दाबा आणि पहिली टिक सोडून बाकी सगळ्या काढा. हिरवं चिन्ह जाणार नाही. आणि मूळ सर्टिफिकेट टाकताना त्याचा फिंगरप्रिंट (ओळखीचा लांब क्रमांक) सीसीएच्या अधिकृत साइटवर दिलेल्याशी जुळवून घ्या, नाहीतर खोट्या सर्टिफिकेटवर खोटी सहीसुद्धा हिरवीच दिसेल.

डाउनलोड्स फोल्डरचं तर आजच्या आज काढा भाऊ. सिक्युरिटी एन्हान्स्ड या पानावर प्रिव्हिलेज्ड लोकेशन्समध्ये तुम्ही ते टाकलंय, म्हणजे त्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलला रीडर तुमची विश्वासाची फाइल समजून आपली बंधनं सैल करतो, आणि डाउनलोड्समध्ये तर जगातलं सगळं येऊन पडतं, गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेलं, पेनड्राइव्हवरून कॉपी केलेलं, सगळं. एकेक फाइल लागली तर तेवढीच टाका. पिवळी पट्टी त्रास देण्यासाठी नाहीये. तुमच्या केंद्राच्या मशीनवर शंभर घरांचे आधार, बँक पासबुक, जातीचे दाखले पडलेले असतात, तुमचं मशीन गेलं तर ते सगळे जातात, आणि त्यांना कळणारसुद्धा नाही कुठून गेलं.

त्याच पानावर वरती "प्रोटेक्टेड मोड" चालू आहे ना ते बघा. २०१० च्या नोव्हेंबरात रीडर एक्सबरोबर ही गोष्ट आली, रीडरला एका बंद खोलीत चालवायची, म्हणजे आत काही बिघडलं तरी बाहेर विंडोजपर्यंत पोचायला अजून एक दार फोडावं लागतं. ते दारही फोडलं गेलं, २०१३ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा खऱ्या हल्ल्यात, पण त्याआधी सव्वादोन वर्षं ते टिकलं आणि नंतर हल्लेखोराचं काम फार महाग झालं. २०१८ मध्ये सापडलेल्या एका हल्ल्यात रीडरमधली एक चूक आणि विंडोजमधली दुसरी चूक अशा दोन जोडाव्या लागल्या होत्या. तर ही टिक कधीच काढू नका, प्रिंटर नीट चालत नाही म्हणून सर्व्हिसवाल्याने सांगितलं तरी.

प्रश्न (सीए ऑफिसमध्ये आर्टिकलशिप करणारी विद्यार्थिनी, जळगाव): तुम्ही म्हणता बंद करा, पण कंपनीचे जुने ई-फॉर्म जावास्क्रिप्टशिवाय चालतच नव्हते, आणि आमचे काही क्लायंट अजूनही असे फॉर्म पाठवतात. मग?

उत्तर: बरोबर आहे तुझं. एमसीएचे (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचे) जुने फॉर्म असेच होते, प्री-फिल, चेक फॉर्म ही बटणं सगळी आतल्या स्क्रिप्टवर चालायची, ब्राउझरमध्ये उघडले तर नुसतं "प्लीज वेट" दिसायचं. आता ते हळूहळू वेबवर गेले, आणि त्या फॉर्मच्या मागची एक्सएफए ही पद्धत २०१७ च्या पीडीएफ २.० मध्ये मोडीतच काढली. तरी जुनं काम असतं, मान्य.

म्हणून बंद हीच कायमची स्थिती ठेव आणि लागेल तेव्हा उघड. जावास्क्रिप्ट बंद असताना असा फॉर्म उघडला की वर पिवळी पट्टी येते, त्यात पर्याय असतात, फक्त या वेळेपुरतं किंवा या फाइलसाठी नेहमी. "या वेळेपुरतं" घे. "नेहमी" घेतलं की ती फाइल त्याच विश्वासाच्या यादीत जाऊन बसते जिच्याबद्दल वर धुळ्याच्या भाऊंना लिहिलंय. आणि फॉर्म सरकारी साइटवरून स्वतः उतरवलेला असेल तरच हे कर, क्लायंटने फॉरवर्ड केलेल्या कॉपीवर नको, ती कुठून कुठून फिरून आली असेल सांगता येत नाही. ऑफिसात जमत असेल तर अशा फॉर्मसाठी एकच मशीन वेगळं ठेवा जिथे नेट बँकिंग होत नाही.

अजून एक, तू विचारलं नाहीस पण तुमच्या कामात येतं. पासवर्ड टाकलेली पीडीएफ आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला, असं आलं तर जास्त सावध हो. मेलचा स्कॅनर कुलूप लावलेल्या फाइलच्या आत बघू शकत नाही, आणि पाठवणाऱ्याला बऱ्याचदा तेच पाहिजे असतं. पासवर्ड आहे म्हणजे फाइल सुरक्षित, असं बरेच जण धरून चालतात.

प्रश्न (रेल्वेतून निवृत्त, भुसावळ): माझ्याकडे विंडोज ७ आणि अ‍ॅडोबी रीडर एक्सआय आहे. पेन्शनच्या स्लिपा बघतो, बाकी काही नाही. बदलायला पाहिजे का? मुलगा म्हणतो फॉक्सिट टाका, नातू म्हणतो क्रोममध्येच बघा.

उत्तर: काका, बदला. रीडर एक्सआयचा सपोर्ट २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये. त्यानंतर सापडलेली प्रत्येक चूक तुमच्या मशीनवर उघडीच आहे.

फॉक्सिट वाईट नाही पण जावास्क्रिप्ट त्यातही आहे, आणि २०१७ मध्ये त्यात अशा दोन चुका निघाल्या, एकीने स्क्रिप्टला प्रोग्राम चालू करता येत होता, दुसरीने डिस्कवर पाहिजे तिथे फाइल लिहिता येत होती. "सेफ रीडिंग मोड" चालू असेल तर त्या लागू होत नव्हत्या, म्हणून कंपनी आधी म्हणाली पॅचची गरज नाही, मग टीका झाली आणि पॅच दिला. फॉक्सिट ठेवलं तर तो मोड चालू ठेवायचा.

तुम्हाला फॉर्म भरायचे नाहीत, नुसतं वाचायचंय आणि प्रिंट काढायची, तर सुमात्रा नावाचा छोटासा फुकट रीडर आहे, तो जावास्क्रिप्ट चालवतच नाही. नातवाचं म्हणणंही ठीक, क्रोममध्ये स्क्रिप्ट चालते पण थोडक्यातलीच आणि बंद खोलीत, शिवाय क्रोम स्वतःच अपडेट होतं. फक्त विंडोज ७ वर क्रोमचेही अपडेट आता येत नाहीत, त्यामुळे आधी विंडोजचं बघावं लागेल काका.

प्रश्न (शेतकऱ्याचा मुलगा, शहादा): गावाच्या ग्रुपवर "पीएम किसान यादी" म्हणून फाइल आली, बाबांनी पीडीएफ समजून उघडली, मग मोबाइलने काहीतरी इन्स्टॉल करायला विचारलं. ही जावास्क्रिप्टचीच भानगड आहे का?

उत्तर: नाही दादा, ही वेगळी आणि आपल्याकडे सध्या जास्त धोक्याची. ती पीडीएफ नव्हतीच. नावात "पीडीएफ" लिहिलेलं असतं, शेवटी मात्र .एपीके असतं, म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, पीएम किसान, बँकेची केवायसी, अशा नावांनी फिरतात. इन्स्टॉल झालं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि मेसेज वाचता आले म्हणजे ओटीपी गेला. खरी पीडीएफ उघडताना फोन कधीच "इन्स्टॉल" विचारत नाही, बाबांना एवढं एक वाक्य सांगून ठेव.

इन्स्टॉल केलं असेल तर डेटा नि वायफाय बंद कर, ते अ‍ॅप काढ (आयकॉन दिसत नसेल तर सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत बघ), बँकेला दुसऱ्या फोनवरून कळव, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन कर. इथे खरंच जेवढा लवकर फोन तेवढी पैसे थांबायची शक्यता जास्त, सकाळी बघू म्हणून थांबू नकोस. आणि ग्रुपवरही टाक की ती फाइल कोणी उघडू नका, ज्याने पाठवली त्याचा फोन बहुतेक आधीच गेलेला असतो, त्याच्या नकळत ती सगळ्यांना जाते, म्हणून त्याच्यावर रागवू नका.

प्रश्न (कॉलेज विद्यार्थी, अमळनेर): सर, पीडीएफमध्ये डूम गेम चालतो असं बघितलं, क्रोममध्ये उघडून खेळलोही. मग जावास्क्रिप्ट बंद केली की विषय संपला का? मला यातच पुढे काम करायचंय.

उत्तर: तू बघितलंस ते खरं आहे, २०२५ च्या जानेवारीत आधी टेट्रिस आणि मग डूम पीडीएफमध्ये चालवून दाखवले, पुढे एकाने लिनक्ससुद्धा चालवलं. त्यात धोका काही नव्हता, पण "कागद" म्हणून आपण जे एकमेकांना पाठवतो त्यात केवढं इंजिन बसलेलं आहे हे त्याने सगळ्यांना दिसलं, मला ती फार चांगली गोष्ट वाटली.

विषय संपत नाही. जावास्क्रिप्टचा हल्लेखोराला दोन प्रकारे उपयोग होतो. एक म्हणजे तिच्या फंक्शनमधल्या चुका, ते वर आलंच. दुसरं म्हणजे चूक भलतीकडेच असते, फॉन्टमध्ये, चित्राच्या फॉरमॅटमध्ये, आणि स्क्रिप्ट फक्त मेमरीत आपला कोड जागोजागी पसरवून ठेवायचं काम करते म्हणजे नेम चुकला तरी लागतो. २०१० मधला फॉन्टचा प्रसिद्ध हल्ला असाच होता. जावास्क्रिप्ट बंद केली की पहिला प्रकार जवळजवळ जातो आणि दुसरा अवघड होतो, अशक्य होत नाही. २०१८ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने दाखवलं की दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या एका सूचनेने, स्क्रिप्टशिवाय, नुसती पीडीएफ उघडली की विंडोजच्या लॉगिनचा हॅश, म्हणजे पासवर्डचा सांकेतिक ठसा, परक्या सर्व्हरकडे जातो. २०२४ च्या मे महिन्यात फायरफॉक्स १२६ मध्ये जी चूक दुरुस्त झाली ती तर फॉन्ट हाताळण्यातली होती आणि त्यातून स्क्रिप्ट चालवता येत होती, म्हणजे दार वेगळं, पोचायचं ठिकाण तेच.

आणि यातलं सगळ्यात थक्क करणारं मला वाटतं ते २०२१ चं, पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरवालं. सप्टेंबरमध्ये सिटिझन लॅब या कॅनडातल्या संशोधन गटाने उघड केलं, आयफोनवर आयमेसेजने फाइल यायची, नाव .गिफ पण आतून पीडीएफ, माणसाने काही दाबायची गरज नाही. त्यात जावास्क्रिप्ट नव्हतीच. जेबिग२ नावाचा स्कॅन केलेली पानं छोटी करायचा जुना फॉरमॅट आहे, त्यात स्क्रिप्टची सोयच नाही, तरी गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या चुका शोधणाऱ्या टीमने उलगडून दाखवलं की चित्राचे ठिपके जोडायच्या सत्तर हजारांहून जास्त आज्ञा वापरून हल्लेखोरांनी आत स्वतःचा छोटा कॉम्प्युटरच उभा केला होता. स्क्रिप्ट दिली नाही म्हणून त्यांनी ती बनवली. अ‍ॅपलने आयओएस १४.८ मध्ये ते बंद केलं. म्हणून मी जावास्क्रिप्ट बंद, अपडेट चालू, बंद खोली चालू या तीन गोष्टी नेहमी एकत्र सांगतो, एकीवर विसंबून चालत नाही.

तुला शिकायचंय तर वर ज्यांचं नाव आलं त्या दिदिए स्टीव्हन्स यांचं पीडीएफआयडी नावाचं पायथनमधलं टूल घे. ते फाइल उघडत नाही, फक्त आत कोणते शब्द किती वेळा आलेत ते मोजतं. जावास्क्रिप्ट, ओपनअ‍ॅक्शन, लॉन्च, एम्बेडेडफाइल यांच्यासमोर शून्य आहे की नाही ते बघ. साध्या बिलात ओपनअ‍ॅक्शन असणं चालतं, पान कुठून दाखवायचं एवढंच त्यात असतं, पण ओपनअ‍ॅक्शन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही असले की पुढे खोदायचं, त्यासाठी त्यांचंच पीडीएफ-पार्सर आहे. नुसत्या शून्यावरही जाऊ नकोस, सगळं कॉम्प्रेस केलेल्या ऑब्जेक्ट स्ट्रीममध्ये लपवता येतं, ते आकडे मोठे दिसले तर आधी ते उलगड. आणि सरावासाठी खऱ्या हल्ल्याच्या फाइली उतरवशील तर नेट तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्येच, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरच्या लॅपटॉपवर थेट नको, तिथे बाकीच्यांचंही काम असतं.